घाटात कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) गळायला लागलं तर
भावा, कोकणातनं येताना करूळ घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा लालकडं सरकला की एसी बंद कर, हीटर फुल्ल सोड. घाम फुटेल, पण इंजिनची उष्णता तेवढीच बाहेर पडते. जागा दिसली की कडेला घे, इंजिन बंद. रेडिएटरच्या झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. मी घाई केलेली, मनगटावरचा डाग अजून हाय.

गार झाल्यावर होजच्या, म्हणजे रेडिएटरच्या रबरी नळीच्या, क्लिपा बघ. तिथं हिरवी नाहीतर गुलाबी ओल दिसली तर स्क्रूड्रायव्हरनं आवळ. होजच चिरला असेल तर कोरडा पुसून रबरी टेप ताणून गुंडाळ. कूलंटच्या जागी साधं पाणी तात्पुरतं चालतंय. गगनबावड्यापासनं कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर. थांबत, काटा बघत ये. आणि घरी नको, थेट उद्यमनगरात गॅरेजला घाल गाडी.