वाचक विचारतात: बारावी आर्ट्स झाली, नर्सिंग करू देऊ का?

प्रश्न: मुलगी यंदा बारावी आर्ट्स पास झाली, ६१ टक्के. तिला नर्सिंगच करायचंय. घरचे म्हणतात आर्ट्सवाल्यांना घेत नाहीत, आणि सुई टोचायला दोन-तीन वर्ष काय शिकायचं, ते तर कंपाउंडर पण करतो. काय सांगू?
– एक आई, बीड जिल्हा

उत्तर: ताई, आधी आर्ट्सचं मिटवू. बीएस्सी नर्सिंगला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी लागतं, ते तिचं जमणार नाही. पण एएनएम (गावपातळीवरच्या नर्सचा कोर्स) दोन वर्षांचं आणि जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) तीन वर्षांचं, या दोन्हीला आर्ट्सच्या मुली जातात, बारावीला इंग्रजी असलं पाहिजे. जीएनएम केलं तर पुढे पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे डिप्लोमानंतरची नर्सिंगची डिग्री पण करता येते, म्हणून झेपत असेल तर मी जीएनएमच म्हणेन.

आता सुईचं. गोवर-रुबेलाची लसच बघा, पावडर असते ती, सोबत आलेल्या पाण्यातच मिसळायची, मिसळली की चार तासांच्या आत वापरायची आणि उरली तर फेकूनच द्यायची, कारण त्यात जंतू वाढले तर धडधाकट बाळ काही तासांत दगावू शकतं. पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीची, उघडलेली बाटली मात्र नीट थंड ठेवली तर २८ दिवस चालते. दोन्ही लसी एकाच थंड डब्यातून निघतात बरं का! बाळंतपणाचं पण तसंच, बाळ बाहेर आलं की पोट चाचपून आत दुसरं नाही ना बघायचं आणि मिनिटाभरात रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन १० युनिट मांडीत, नाहीतर कधी कधी रक्त थांबता थांबत नाही. हे सगळं उपकेंद्रात, जिथे सपाटीवर साधारण ५ हजार लोकांमागे आणि डोंगराळ, आदिवासी भागात ३ हजारांमागे एक उपकेंद्र असतं आणि डॉक्टर बऱ्याचदा पीएचसीलाच (प्राथमिक आरोग्य केंद्रात) असतात. रात्री दोनला दार वाजलं की सिस्टरच.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले, १९९९ साली ते लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं. त्या बायका तर नर्स पण नव्हत्या, नीट शिकवल्यावर एवढं होतं. आता कंपाउंडरचं बोला म्हणावं घरच्यांना.

प्रश्न: आमच्याकडे खासगी नर्सिंग कॉलेजं खूप झालीत. चांगलं कसं ओळखायचं?
– एक वाचक, नांदेड

उत्तर: बिल्डिंग बघू नका, दवाखाना बघा. कॉलेजची मान्यता इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे तपासा, राज्य कौन्सिलचं रजिस्ट्रेशन नसेल तर सरकारी नोकरी विसरा. मग गेटबाहेर सेकंड इयरच्या मुलींना गाठा आणि विचारा ड्यूटी कुठे लागते, डिलिव्हरी स्वतःच्या हाताने केल्या की नुसत्या उभं राहून बघितल्या. काही ठिकाणी केसबुकात (मुलीने केलेल्या कामांची नोंदवही) सह्या भराभर होतात आणि मुलीला बीपी पण धड घेता येत नाही, अशा मुलीला उद्या वॉर्डात सोडणार तरी कसं? आणि हो, ओरिजिनल मार्कशीट पोच घेतल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नका, कॉलेज बदलायचं म्हटलं की तिथेच अडकवतात.