ताईंना विचारा: मुळशीच्या काठावरचं घर

प्रश्न: ताई, दिवाळीच्या सुट्टीत मुळशी धरणाच्या काठी, यांच्या मित्राच्या कौलारू घरात राहायला जाणार आहोत. वीज नाही, नळ नाही, रेंज नाही. शेवटचा टप्पा पायवाटेचा. सोबत सत्तरीच्या सासूबाई आणि दोन मुलं. रात्री गारठा असतो म्हणून खोलीत कोळशाची शेगडी ठेवणार आहोत. आणखी काय न्यावं?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: जरूर जा. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येच्या आसपास चंद्र नसतो. कृत्तिका संध्याकाळीच वर येतात, जेवणं होईतो मृगही डोंगराआडून निघतो. कोथरूडच्या गच्चीवरून मुलांना हे आभाळ दिसायचं नाही.

शेगडीचा विचार मात्र आजच सोडा. दारं लावून निखारे ठेवले की खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही; धूर दिसत नाही म्हणून तो नाही असं होत नाही. जाग्या माणसाचं डोकं जड होतं, मळमळतं. झोपलेल्याला तेवढंही कळत नाही. शेकायचं ते अंगणात. सासूबाईंना कानटोपी, अंगाखाली जाड घोंगडी आणि पायाशी गरम पाण्याची पिशवी द्या. गारठा जमिनीतून चढतो, त्यामुळे पांघरुणापेक्षा अंथरूण महत्त्वाचं.

डास नसले तरी मच्छरदाणी न्या आणि तिच्या कडा चारी बाजूंनी गादीखाली खोचा. माझा हा आग्रह मण्यारासाठी आहे. तो रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्यांना चावतो, आणि चावा बहुधा दुखत नाही, सुजतही नाही. पहाटे कुणाच्या पोटात दुखू लागलं, पापण्या मिटू लागल्या, गिळता येईना, तर चाव्याची खूण शोधत बसू नका. आवळून बांधणं, चिरणं, चोखणं यांतलं काहीही नको. माणसाला चालू न देता उचलून रस्त्यावर आणा आणि सर्पदंशाची लस असलेल्या रुग्णालयात न्या. असं जवळचं रुग्णालय कोणतं, हे निघण्याआधी फोन करून विचारून ठेवा. रेंज कोणत्या वळणावर येते तेही मालकांना विचारा, कारण 108 तिथूनच लागणार. पोहोचल्याबरोबर वाडीतल्या एक-दोन घरांत जाऊन ओळख करून घ्या. पायवाटेवर सासूबाईंना उचलायची वेळ आली तर तीच माणसं धावून येतील.

प्यायचं पाणी फडक्यानं गाळा आणि खळखळून उकळा. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत.

मुलांना धरणात उतरू देऊ नका, पोहता येत असलं तरीही. 1921 मध्ये सेनापती बापटांबरोबर मावळे ज्या जमिनींसाठी लढले, त्या या पाण्याखाली आहेत. तळाशी जुनी शेतं आणि बांध असल्यामुळे गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल एकदम खोलात जाऊ शकतं, आणि गाळात पाय रुततो तो वेगळाच. मुलांना ही गोष्ट काठावर बसून सांगा, नुसतं 'जाऊ नका' म्हणण्यापेक्षा ती जास्त लक्षात राहील.

संडासची सोय नसेल तर पाण्यापासून निदान 200 फूट लांब खड्डा करा, वर माती लोटा. भांडीही काठावर घासू नका; पाणी वर आणून राखेनं घासा. खड्ड्यासाठी छोटं खोरं घरूनच न्या, आणि माणशी एक बॅटरी.