पोस्टर कुणासाठी करायचं?

प्रश्न : मी कोल्हापुरात बारावी कॉमर्सला आहे. आवडत्या सिनेमांची पोस्टरं माझ्या पद्धतीने करून इन्स्टाग्रामवर टाकते. त्यांना भरपूर लाइक्स येतात. मध्यंतरी इथल्या एका शॉर्टफिल्मचं पोस्टर केलं, तर दिग्दर्शक म्हणाले, 'दिसतंय छान, पण बघून फिल्म बघावीशी वाटत नाही.' माझं नेमकं काय चुकलं? यात करिअर होऊ शकतं का? बाबा म्हणतात, आता एआय फुकटात पोस्टर करून देतं, तू बी.कॉम. कर.

उत्तर : तू सोबत पाठवलेली सगळी पोस्टरं मी सावकाश पाहिली. हात चांगला आहे, रंगांची जाण आहे. अडचण वेगळीच आहे. इन्स्टाग्रामवर तुझी वाहवा करणाऱ्यांनी ते सिनेमे आधीच पाहिलेत. तू एखादी वस्तू नुसती सुचवलीस की बाकीची गोष्ट त्यांची त्यांनाच आठवते. शॉर्टफिल्मच्या पोस्टरवर तू एक जुनी सायकल आणि मावळतीचा उजेड दाखवलास. फिल्म पाहिलेला माणूस ती सायकल पाहून हळवा होईल. पण पोस्टर लागतं ते फिल्म न पाहिलेल्या माणसासाठी, आणि त्याच्या लेखी ती कुणाची तरी सायकल आहे, बस्स.

हे मोठ्या स्टुडिओंच्याही हातून होतं. 'द शॉशँक रिडेम्प्शन' (1994) या सिनेमाच्या पोस्टरवर पावसात हात पसरून आकाशाकडे पाहणारा माणूस आहे. सिनेमा पाहिलेल्यांच्या अंगावर त्या चित्राने काटा येतो. पण 1994 मध्ये ज्याला काहीच ठाऊक नव्हतं, त्याला त्यातून तुरुंग कळत नव्हता, मैत्री कळत नव्हती, आणि नावही मदतीला येत नव्हतं. पहिल्या प्रदर्शनात सिनेमाचा खर्चसुद्धा निघाला नाही. सगळा दोष पोस्टरचा होता असं मी म्हणणार नाही, पण अनोळखी माणसाला आत बोलावण्याचं काम त्या पोस्टरने केलं नाही, असं माझं मत आहे.

आता 'जॉज' (1975) बघ. वर पाण्यावर एक बाई निवांत पोहते आहे, खालून प्रचंड शार्क सरळ तिच्याकडे येतो आहे. रॉजर कॅस्टल यांनी हे चित्र मुळात कादंबरीच्या पेपरबॅक आवृत्तीसाठी काढलं होतं. यात नुसता शार्क असता तर ते प्राण्याचं चित्र झालं असतं. आपल्याला जे दिसतंय ते तिला दिसत नाही, यात त्या पोस्टरचा जीव आहे. पुढे काय होणार हा प्रश्न बघणाऱ्याच्या डोक्यात चित्रानेच घातला. तुझ्या सायकलला असा प्रश्न नाही. ती कुणाची, ती तिथे का पडली, पडली तेव्हा काय घडत होतं, यातलं एक काहीतरी दिसायला हवं होतं.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर 'मदर इंडिया' (1957). खांद्यावर नांगराचा भार घेऊन ओढणारी नर्गिस. 1951च्या जनगणनेत देशाची साक्षरता जेमतेम 18 टक्के होती. ज्याला सिनेमाचं नावही वाचता येत नव्हतं, त्यालाही बैलाच्या जागी बाई का जुंपली गेली हे विचारावंसं वाटलं असेल. आणि तू तर कोल्हापूरची! बाबूराव पेंटरांनी तुझ्याच गावात सिनेमे काढले आणि त्यांची पोस्टरंही रंगवली. 1924च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आज टिकून असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांत धरलं जातं. शिवाजी महाराजांचं सरकारमान्य चित्र काढणारे जी. कांबळे तुमचेच, 'मुघल-ए-आझम'च्या जाहिरातीची चित्रं त्यांनी रंगवली. ही कामं शोधून बघ. छपाई बघू नकोस, काय घेतलंय आणि काय सोडलंय ते बघ.

पोस्टर फसण्याची आणखी दोन कारणं मला सतत दिसतात. एक, चेहऱ्यांची गर्दी. यात डिझायनरचा दोष नेहमी नसतो. कुणाचा चेहरा केवढा, कुणाचं नाव आधी, हे करारात ठरलेलं असतं आणि निर्मात्याला प्रत्येक कलाकाराचे चाहते हवे असतात. दुसरं कारण मला जास्त खुपतं : खोटं बोलणारं पोस्टर. गंभीर कौटुंबिक सिनेमाला विनोदी रंग फासला की हसायला आलेला प्रेक्षक चिडून बाहेर पडतो आणि ज्याला तो सिनेमा आवडला असता तो घरीच राहतो. मराठी सिनेमाला आधीच मोजके शो मिळतात, त्याला हे परवडत नाही.

आकाराचंही भान ठेव. पूर्वी पोस्टर भिंतीवर लागायचं, आता बहुतेकांना ते फोनवर काडेपेटीएवढ्या चौकोनात दिसतं. नेटफ्लिक्सने 2016 मध्ये सांगितलं होतं, की काय बघायचं ते निवडताना त्यांचा प्रेक्षक एका सिनेमावर किंवा मालिकेवर सरासरी 1.8 सेकंद थांबतो. तुझी बारीक अक्षरं आणि धूसर पोत तिथे कुणाला दिसणार?

बाबांची काळजी अर्धी बरोबर आहे. फोटो कापणं, पार्श्वभूमी बदलणं, रंग सुधारणं ही नवशिक्यांची कामं एआयमुळे कमी होणार, होतही आहेत. पण त्या दिग्दर्शकांना सुंदर चित्राची वाण नव्हती. आपल्या फिल्ममधलं नेमकं काय दाखवावं हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं. पटकथा वाचून ते ठरवणारा माणूस लागतोच. तरीही फक्त सिनेमाच्या पोस्टरांवर घर चालवणारे थोडे असतात, ती कामं मुख्यतः मुंबईतल्या पब्लिसिटी डिझाइन स्टुडिओंत होतात, आणि रात्री उशिरा बदल येतात. म्हणून शिक्षण उपयोजित कलेचं घे. त्यात जाहिरात, पुस्तकं, पॅकेजिंग अशी बाकीची दारंही उघडी राहतात. त्यातली बी.एफ.ए. ही पदवी चार वर्षांची असते. राज्यातल्या कला महाविद्यालयांसाठी राज्याची कला सीईटी ही प्रवेश परीक्षा असते, आयआयटी मुंबईच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही परीक्षा. दोन्हींना कॉमर्सची मुलगी बसू शकते. यंदाची माहितीपत्रकं मात्र स्वतः वाच.

तोवर एक काम कर. त्या शॉर्टफिल्मची पटकथा पुन्हा माग, सायकल बाजूला ठेव आणि तीन वेगवेगळी कच्ची पोस्टरं पेन्सिलने काढ. फिल्मबद्दल काहीच माहीत नसलेल्या पाच-सहा जणांना ती दाखव. 'आवडलं का' असं विचारू नकोस, 'ही कशाची गोष्ट असेल' असं विचार. त्यांची उत्तरं लिहून काढ आणि स्केचेससकट मला पाठव. पुढच्या वेळी बाबांनाही सोबत घेऊन ये, फी आणि वसतिगृहाचा हिशेब आपण तिघं बसून करू.