एफेससची एक दिवसाची सहल आणि व्हिसावरचा एक रकाना

तुमची पोस्ट वाचली. मुलगी एस.वाय.ला, विषय इतिहास. उन्हाळ्यात तीन आठवड्यांचा अभ्यासदौरा: अथेन्स, डेल्फी, क्रीट, सामोस (तुर्कस्तानाच्या किनाऱ्यासमोरचं ग्रीक बेट), तिथून सकाळी निघून तुर्कस्तानातलं एफेसस हे प्राचीन ग्रीक शहर बघून संध्याकाळी परत, मग अथेन्सहून मुंबई. आणि टूरवाल्याचं उत्तर, 'शेंगेन आहे ना, तुर्कीचा ई-व्हिसा त्याच्यावर लगेच होतो, काळजीच नको.' (शेंगेन म्हणजे ग्रीससकट युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा.) हे उत्तर वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या गटाबरोबर मी सोबतची शिक्षिका म्हणून गेले होते, तेव्हा आम्हालाही जवळजवळ याच शब्दांत धीर दिला होता.

बँक स्टेटमेंट, कॉलेजचं पत्र, बोटांचे ठसे यावर लिहीत नाही, ते तुम्ही केलं असेलच. मला फक्त एका रकान्याबद्दल बोलायचंय. व्हिसाच्या स्टिकरवर 'नंबर ऑफ एंट्रीज' असं छापलेलं असतं. त्याखाली ०१, ०२ किंवा 'मल्ट' यांपैकी एक असतं. तुमच्या मुलीचं एफेसस त्यावर ठरणार आहे.

टूरवाला खोटं बोलत नाहीये, हीच खरी मेख. भारतीय पासपोर्टवर मुदतीतला शेंगेन व्हिसा असेल तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. पण तो तुर्कस्तानात जाण्यापुरता. सामोसहून फेरीबोटीत बसून कुशादासीला, म्हणजे समोरच्या तुर्की बंदरात, उतरलात की तुम्ही शेंगेनच्या बाहेर. संध्याकाळी परत येणं हा शेंगेनमधला दुसरा प्रवेश. स्टिकरवर ०१ असेल तर तो एकुलता एक प्रवेश अथेन्सच्या विमानतळावर उतरतानाच संपलेला असतो.

आम्हाला हे सामोसच्या धक्क्यावर कळलं. पहाटेची वेळ, पोरांच्या पाठीवर सॅक, हातात एफेससच्या नोट्स. खिडकीतल्या अधिकाऱ्याने पहिला पासपोर्ट उघडला, दुसरा उघडला, मग सगळे एकदम मागून घेतले. अगदी सभ्यपणे म्हणाला, 'तुम्ही जाऊ शकता. परत येऊ शकत नाही.' गटातल्या एका मुलीकडे अमेरिकन पासपोर्ट होता. ती जाऊ शकत होती, पण एकटी कशी पाठवणार? फेरी समोरून सुटली. तिकडची बस, गाइड, ई-व्हिसाची फी, सगळं आधीच भरलेलं होतं. बेटावर बसून व्हिसा बदलून मिळत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो. म्हणजे विषय संपला.

सामोस आणि तुर्कस्तान यांच्यातली मिकाली सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी दीड-पावणेदोन किलोमीटर आहे. समोरचे डोंगर स्वच्छ दिसतात. त्याच मिकालीपाशी इ.स.पू. ४७९ मध्ये ग्रीकांनी इराण्यांचा पराभव केला होता. प्राचीन ग्रीस शिकायचा म्हणजे हे दोन्ही किनारे एकत्रच शिकावे लागतात. तत्त्वज्ञ थेलीस समोरच्या मिलेटसचा, इतिहासकार हेरोडोटस त्याच्या दक्षिणेला हालिकार्नाससचा, म्हणजे आजच्या बोद्रुमचा. दोन्ही गावं आता तुर्कस्तानात. सामोस १९१२-१३ मध्ये ग्रीसला जोडलं गेलं. १९२३ मध्ये लोझानला ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. त्यात, आधीच पळून आलेले धरून, सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन अनातोलियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, ग्रीसमध्ये आले आणि सुमारे ४ लाख मुसलमान ग्रीसमधून तुर्कस्तानात गेले. आमच्या पोरांनी हे परीक्षेसाठी पाठ केलं होतं. ती सरहद्द प्रत्यक्षात काय असते ते त्यांना त्या खिडकीत समजलं. अभ्यासदौऱ्याचा हेतू एका अर्थी सफल झाला म्हणायचा, पण फार महागात.

आता ज्यांच्यामुळे हे झालं त्यांच्याबद्दल. नाव घेणार नाही, विचारूही नका. अर्ज आमच्या टूरवाल्यांच्या कार्यालयाने भरले होते आणि आमच्यासमोर फक्त सहीचं पान आलं होतं. 'किती प्रवेश हवेत' या प्रश्नापुढे त्यांनी सरसकट 'एक' अशी खूण केली होती. का, तर 'विद्यार्थ्यांना सिंगलच देतात, उगाच जास्त मागितलं तर रिजेक्ट होतं.' हे त्यांनी आम्हाला परत आल्यावर ऐकवलं. कार्यक्रमपत्रिकेत एफेसस त्यांनीच छापलं होतं, त्याचे पैसे त्यांनीच घेतले होते, पण अर्जाला जोडलेल्या पत्रात तुर्कस्तानचा उल्लेखच नव्हता. वकिलातीला कसं कळणार की या लोकांना बाहेर जाऊन परत यायचंय? त्यांनी मागितलं तेवढं दिलं. नंतर परताव्यासाठी फोन केले, तर व्हिसाचा विभाग म्हणे टूर विभागाशी बोला, टूर विभाग म्हणे व्हिसा विभागाशी. एक साहेब तर म्हणाले, 'मॅडम, सामोस पण छान आहे ना!' छान आहे. पण ते मी सांगायचं, तुम्ही नाही.

असो. तुम्ही काय करायचं ते सांगते. मी व्हिसा सल्लागार नाही. माझं म्हणणं अनुभवातून आहे आणि नियम बदलतात, त्यामुळे पक्कं करण्याआधी ग्रीक वकिलातीची ताजी माहिती स्वतः वाचा, टूरवाल्याने पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज नव्हे.

माझ्या मते सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे क्रमच बदलणे. अथेन्स, डेल्फी, क्रीट, सामोस, मग कुशादासी, एफेसस, जमलं तर मिलेटस, आणि घरी परत इझमीर किंवा इस्तंबूलहून. ग्रीसमध्ये परतायचंच नाही, तर ०१ सुद्धा चालतो. फक्त तुर्कस्तानात शिरण्याच्या दिवशी शेंगेनची मुदत उरलेली हवी, नाहीतर ई-व्हिसाचा आधारच जातो. टूरवाला 'परतीचं तिकीट अथेन्सचं स्वस्त पडतं' म्हणेल. पडू दे.

क्रम बदलत नसेल तर अर्जात दोन किंवा अनेक प्रवेश मागायला लावा, आणि सोबतच्या पत्रात तारखांसकट लिहा: ग्रीस, या तारखेला तुर्कस्तान, त्याच दिवशी परत ग्रीस. फेरीचं बुकिंग जोडा. भरलेला अर्ज पूर्ण मागून घ्या, सगळी पानं. व्हिसा हातात आला की व्हिसा केंद्राच्या दारातच तो रकाना बघा. विमा शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचा लागतो हे माहीत असेल, पण बऱ्याच स्वस्त पॉलिसी फक्त शेंगेन देशांत लागू असतात. तुर्कस्तान त्यात आहे का ते विचारा.

कोणीतरी नक्की सांगेल, 'एका दिवसाचं तर आहे, कोण बघतंय.' बघतात. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर ठसे आणि फोटो घेऊन येण्या-जाण्याची नोंद संगणकात करायला सुरुवात झालीय. विशीतल्या मुलीच्या नावावर असली नोंद नको.

एफेसस वगळावं लागलं तर रडू नका, हेही सांगते. आमच्या सरांनी त्या दिवशी पोरांना सामोसवरच्याच पिथागोरिओ गावी नेलं. तिथे युपालिनोसचा बोगदा आहे. इ.स.पू. सहाव्या शतकात शहराला पाणी आणायला डोंगराच्या दोन्ही टोकांकडून एकाच वेळी खणत आणलेला, १,०३६ मीटर लांब. हेरोडोटसने त्याचं वर्णन केलंय. मधे दोन्ही तुकड्या भेटल्या ती जागा बघून भूमिती न आवडणारी पोरंही गप्प झाली. आणि हेरा या ग्रीक देवीचं मंदिर. आज एकच खांब उभा आहे, पण तिथे सापडलेल्या नवसाच्या वस्तू इजिप्तच्या, सायप्रसच्या, पश्चिम आशियातल्या आहेत. 'भूमध्य सागरी संस्कृती' म्हणून ब्रोशरमध्ये जे लिहितात ते तिथे खरोखर दिसतं. माझ्या हातात असतं तर मी सामोसला आणखी वेळ दिला असता आणि सँटोरिनीचा सूर्यास्त, जो अशा प्रत्येक दौऱ्यात घुसडलेला असतो, सरळ कापला असता. (सँटोरिनीवरच्या अक्रोतिरी या प्राचीन गावाचं उत्खनन बघणार असाल तर शब्द मागे.)

थोडं सुटं सुटं. अथेन्समधल्या टेकडीवरच्या प्राचीन अक्रोपोलिसचं तिकीट वेळ ठरवून घ्यावं लागतं. सकाळी आठचं घ्या, कारण उष्णतेची लाट आली की दुपारी काही तास बंद ठेवतात. वरचा संगमरवर पावलांनी झिजून गुळगुळीत झालाय, चांगल्या पकडीचे बूट हवेत. २५ वर्षांखालच्यांना मोफत प्रवेश युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे, त्या भरवशावर बजेट करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो आणि फेरीबोटी रद्द होतात. बेटावरून यायचं आणि त्याच रात्री विमान, असा बेत असेल तर बदलायला सांगा. जाण्याआधी एखाद्या रविवारी मुलीला कार्ल्याला न्या. तिथल्या लेण्यातल्या खांबांवर यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांचे लेख आहेत. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. पुढचं सगळं वेगळ्या नजरेनं बघितलं जातं.

शाकाहारी असल्याची चिंता लिहिली होतीत, ती सोडा. 'निस्तिसिमा' विचारायचं, म्हणजे ऑर्थोडॉक्स उपवासाचे पदार्थ. त्यात मांस-अंडी-दूध नसतं, पण कालवं, कोळंबी चालते, तेवढं स्पष्ट करून घ्या. फावा मागवा, आपलं घट्ट वरणच, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो, त्यात कधी खिमा असतो, विचारून घ्या.

महिनाअखेर पहिला हप्ता भरायचा का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. मी तरी भरणार नाही, जोपर्यंत ईमेलवर दोन गोष्टी येत नाहीत: अर्जात किती प्रवेश मागणार, आणि ०१ मिळाला तर एफेससचे किती पैसे किती दिवसांत परत. फोनवर 'हो हो मॅडम' चालणार नाही. ईमेल करा, मुलीच्या कॉलेजला कॉपीत ठेवा, आणि उत्तर आलं की इथे टाका, बघून सांगते.