आधी गिझर बंद कर

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

‘काका, इथे थंड नळालासुद्धा चटका बसतो’ हे तुझं वाचून हसू आलं. दुबईतल्या पहिल्या ऑगस्टात मीही असाच बादलीकडे बघत उभा होतो. गच्चीवरची टाकी दिवसभर तापते, त्याला इलाज नाही. तू गिझर बंद कर आणि गरम पाण्याचा नळ सोड. गिझरमधलं पाणी एसीच्या घरात रात्रभर निवलेलं असतं. मात्र एका खोलीत तुम्ही आठजण. पहाटे पाचला उठलास तरच ते तुझ्या वाट्याला येईल.

बेडस्पेसचा, म्हणजे त्या खोलीत तू भाड्याने घेतलेल्या खाटेच्या जागेचा, करार कुणाच्या नावावर आहे ते विचारलंस का? 2025 साली इथल्या मुरक्कबात, रिग्गा, सतवा भागांत खोल्यांमधली विनापरवाना पार्टिशनं पाडली, तेव्हा बॅगा घेऊन रस्त्यावर आलेल्या पोरांत तू असू नयेस, एवढंच.

जुलै-ऑगस्टात नोकरीच्या अर्जांना उत्तरं येत नाहीत म्हणून खचू नकोस. सही करणारे साहेब सुट्टीवर गेलेले असतात. शाळा सुरू झाल्या की फोन वाजायला लागतील. तोवर तुझ्या व्हिजिट व्हिसाचे दिवस मोज. मुदत संपली की रोजचे 50 दिरहॅम दंड. मुलाखतीला मेट्रोने जा आणि अर्धा तास आधी पोच. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं धरतं, शर्ट पाठीला चिकटतो. लॉबीत बसून वाळ, मगच वर जा.

‘आठवडाभर काम करून दाखव, मग व्हिसा बघू’ म्हणणारे भेटतील. हात जोड आणि निघ. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे, आणि अडकलास तर तो मालक तुला ओळखणार नाही. पैसे मागणाराही तसाच. नोकरीला लावण्याचा खर्च मालकाने करायचा, असा इथला कायदाच आहे. माझ्या वेळी एकाने ‘फाइल चार्ज’ म्हणून दोन हजार दिरहॅम घेतले आणि फोन बंद केला. काकूला हे मी तीन वर्षांनी सांगितलं. ती पैशांवरून नाही, लपवल्यावरून चिडली. तेव्हा आईला खोलीचा खरा फोटो पाठव. एसी मॉलमधले फोटो बघून तिला वाटतंय की तू मजेत आहेस, आणि पैसे संपले हे सांगायला तुझी जीभ रेटणार नाही.

ऑफर आलीच तर एकूण आकड्यावर भाळू नकोस. मूळ पगार किती, भत्ते किती, हे वेगळं वाच. ग्रॅच्युइटी मूळ पगारावरच धरतात, पहिली पाच वर्षं वर्षाला 21 दिवसांची. पाच हजारांच्या ऑफरीत मूळ दीड हजारच असला तर नोकरी सोडताना कळतं. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त लिहिलं असेल तर सही करण्याआधी मला फोन कर, रात्री बारा वाजले तरी.

शनिवारी जेवायला ये. सकाळी मी देऱ्याच्या वॉटरफ्रंट मार्केटात जातो. आपली सुरमई तिथे ‘कनद’ म्हणून विकतात. काकूने गावाहून आणलेली आमसुलं अजून शिल्लक आहेत. डिग्रीचे अटेस्टेशनचे, म्हणजे ती खरी असल्याच्या शिक्क्यांचे, कागद बरोबर आण, मंत्रालयाचा शिक्का राहिलाय का ते बघू.

तुझा,
काका