लहान धंदे मोठे होऊन नोकऱ्या का वाढवत नाहीत?

धंद्याचा आकार नको, वय बघा. 2014 च्या एका गाजलेल्या अभ्यासात अमेरिकेतले 40 वर्षं जुने कारखाने नव्यांच्या सातपटींहून जास्त माणसं ठेवताना दिसले. भारतात टिकलेले कारखाने जेमतेम दुप्पट झाले. कर्ज, वीज, कायदे ही कारणं आहेतच. मला मोठं वाटतं ते गल्ल्याचं. आमच्या गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारात बघा ना, गल्ल्यावर बाप, मुलगा नाहीतर भाचा. परक्यावर भरवसा नाही, मग दुसरं दुकान सांभाळणार कोण?

मागणी गेली तर चांगला चाललेला धंदाही बसतो. 2012 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोलीकडे ट्रकवाल्यांमागोमाग गॅरेजवाले आणि खानावळीही अडचणीत आल्या.