मरमटीच्या काट्यांवरचा तांबेरा

प्रश्न : आमच्या बांधावर मरमटीची चार-पाच झुडपे आहेत. यंदा त्यांच्या काट्यांवर, कळ्यांवर आणि शेंगांवर वेड्यावाकड्या फुगलेल्या, पिवळट नारिंगी गाठी आल्या असून हात लावला की बोटांना पूड लागते. शेजारी म्हणतात, हा तांबेरा आहे, झुडपे तोडून जाळा, नाहीतर तो सोयाबीन-हरभऱ्यावर उतरेल. आजी मात्र सांगते की तिच्या लहानपणी या गाठी खायला आणत असत. खरे काय समजावे?
– एक वाचक, माण (जि. सातारा)

उत्तर : शेजाऱ्यांनी रोग बरोबर ओळखला आहे आणि आजीची आठवणही खरी असावी, जाळण्याचा सल्ला तेवढा मानू नये. आपण केलेल्या वर्णनावरून ही मरमटीवर, म्हणजे बाभळीच्याच एका काटेरी भाऊबंदावर, येणारी रॅव्हेनेलिया एस्क्युलेंटा नावाची तांबेऱ्याची बुरशी दिसते. एम. जे. नरसिंहन आणि एम. जे. तिरुमलाचार यांनी 1961 साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा ‘खाण्याजोगी’ या अर्थाचे लॅटिन विशेषण त्यांनी तिच्या नावातच घातले. तांबेऱ्याच्या बुरशीला असे नाव मिळणे विरळाच, कारण एरवी हा शब्द ऐकला की शेतकऱ्याच्या कपाळावर आठीच उमटते.

रॅव्हेनेलिया हे कुळ अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री विल्यम रॅव्हेनेल यांच्या नावाने ओळखले जाते आणि त्यातील जवळजवळ सर्व जाती बाभूळ, शिरीष यांसारख्या शेंगावर्गीय वनस्पतींवरच जगतात. त्यांचे हिवाळी बीजाणू, म्हणजे जीवनचक्राच्या शेवटच्या टप्प्यातले बीजाणू, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखे असतात : अनेक तपकिरी पेशी एकमेकींना चिकटून देठावर छत्रीसारखा गेंद तयार होतो, आणि त्याच्या खालच्या बाजूला फुग्यांची झालर लोंबत असते, जी पाणी लागताच फुगते. आपल्या बोटांना लागलेली नारिंगी पूड मात्र या बीजाणूंची नव्हे. ती आधीच्या अवस्थेतील बीजाणूंची आहे. बुरशी झुडपाच्या कोवळ्या भागात शिरून पेशींची वाढ बेसुमार करते, त्यामुळे एरवी सरळ, हस्तिदंतासारखा पांढरा असणारा मरमटीचा काटा फुगून वाकतो आणि त्याच्या पृष्ठभागावर हे बीजाणू पिकतात.

आता पिकांच्या भीतीविषयी. तांबेऱ्याच्या बुरशा जिवंत वनस्पतीतूनच अन्न घेतात आणि बहुतेकींचे आश्रयस्थान ठरलेले असते. हरभऱ्याचा तांबेरा युरोमायसीस कुळातील, भुईमुगाचा पक्सिनिया कुळातील आणि सोयाबीनचा फाकोप्सोरा कुळातील बुरशीमुळे येतो; यांपैकी एकही मरमटीवरची ही बुरशी नव्हे. बांधावरच्या रानझुडपावर संशय घेण्याची सवय निराधार आहे असे मात्र म्हणता येत नाही. गव्हाचा काळा तांबेरा युरोप-अमेरिकेत बार्बेरी या झुडपाच्या आधाराने आपले जीवनचक्र पुरे करतो, म्हणून तेथे ती झुडपे उपटण्याच्या मोहिमा झाल्या. आपल्याकडे मात्र, वनस्पतिरोगतज्ज्ञ के. सी. मेहता यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, त्याचे बीजाणू दक्षिणेतील निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतून वाऱ्याबरोबर येतात. सोयाबीनचा तांबेरा तर याहून अधिक सर्वभक्षी असून तीसहून जास्त शेंगावर्गीय जातींवर, रानटी वेलींवरसुद्धा, तो जगू शकतो. सांगली, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात त्याच्याकडे लक्ष ठेवायचे असेल तर मरमटीकडे न पाहता सोयाबीनच्या पानांच्या खालची बाजू पाहावी. पाने दीर्घकाळ ओली राहिल्यावर तेथे बारीक तपकिरी फोड दिसू लागतात.

ओळख पक्की करायची असेल तर एक गाठ ब्लेडने उभी कापा. बाभळीच्या जातींवर कीटक आणि कोळीवर्गीय जीवही गाठी करतात. अशा गाठीत पोकळी आणि बहुधा एखादी अळी सापडते. तांबेऱ्याच्या गाठीत मात्र भरीव गर असतो, आणि ती पांढऱ्या कागदावर घासली तर नारिंगी रेघ उमटते.

खाण्याच्या बाबतीत आजीच्या शब्दाला मान द्यावा, पण गाठी मरमटीवरच्याच आहेत याची खात्री तिच्याकडूनच करून घ्यावी. बांधालगतच्या पिकावर औषधाची फवारणी झालेली असेल, तर या वर्षीच्या गाठी झुडपावरच राहू द्याव्यात.